घरच्या माउलीचे वाचन



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणेमळा आणि खतांच्या मात्रा याविषयी लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण उसाच्या रानापासून फार लांबचा नाही. गटातून फिरताना आम्ही तुमच्या सोप्यात बसतो, चहा घेतो. समोर नोंदीचा कागद पसरलेला असतो, कारभारी सही करतात. कपबशी ठेवून आत जाणारी माउली जाता जाता त्या कागदावर एक नजर टाकते. ती नजर नुसती बघणारी असते की वाचणारी, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

तिचा दिवस कसा जातो हे तुम्हाला सांगायला नको. पहाटे उठून शेणघाण, म्हशीची धार, डेअरीला दूध, पोरांचे डबे, भाकरी, मग भांगलण. हंगामात वाडं आणून वैरणीची सोय करायची. सांजेला पुन्हा धार, पुन्हा चूल. सगळ्यांची जेवणं आटोपून भांडी पालथी घातली की रात्रीचा अर्धा-पाऊण तास काय तो तिचा स्वतःचा. त्यात तिने पुस्तक हातात धरले, तर कुणीतरी म्हणतेच, "आता काय परीक्षेला बसायचं हाय काय?"

तरीही आपल्या भागातल्या आया वाचतात. देव्हाऱ्याजवळ शिवलीलामृत असते आणि अकरावा अध्याय कित्येकींचा पाठ असतो. पोथीच्या जोडीला कथा-कादंबऱ्याही असतात. यात कोल्हापूर जिल्ह्याचे भाग्य मोठे. 'स्वामी' (१९६२) लिहिणारे रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. 'मृत्युंजय' (१९६७) लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे. 'झोंबी' (१९८७) लिहिणारे आनंद यादव कागलचे.

'झोंबी' तर प्रत्येक ऊसकऱ्याने वाचावी अशी आहे. वडिलांनी पोराला शाळेतून काढून मळ्यात जुंपले. घरी ऊस, गुऱ्हाळ, मोटेचे पाणी, आणि पोराचा जीव मात्र शाळेत. वडिलांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा आई पोराला घेऊन गावच्या दत्ताजीराव देसायांकडे गेली आणि त्यांच्याकरवी वडिलांना समजावले. आईने ती खटपट केली नसती, तर मराठीतला एक मोठा लेखक उसाच्या पाटातच राहिला असता.

पुडीच्या कागदावरचे वाचन

आईच्या वाचनाची याहून कठीण गोष्ट घडली ती आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला. फलटणही आपल्यासारखाच साखर कारखान्याचा मुलूख. तिथल्या बेबीताई कांबळे यांचा जन्म १९२९ चा. शाळा थोडीच झाली आणि तेराव्या वर्षी लग्न झाले. संसार गरिबीचा. नवरा-बायकोने आधी सुटी द्राक्षे विकली, मग भाजी आणि मग किराणा मालाचे छोटे दुकान थाटले. दहा मुलांची ही आई.

दुकानात पुड्या बांधायला रद्दी लागते. बेबीताई गल्ल्यावर बसून ती रद्दी आधी वाचायच्या आणि मग तिच्यात माल बांधायच्या. वाचता वाचता आपल्या समाजाने काय सोसले, बायाबापड्यांनी काय भोगले आणि बाबासाहेबांच्या शब्दाने माणसे कशी उठून उभी राहिली, हे आपणच लिहावे असे त्यांच्या मनाने घेतले. पण बाईने लिहायचे म्हणजे घरात वादळ. म्हणून त्यांनी वह्या लपवून ठेवल्या, एक-दोन नव्हे, वीस वर्षे.

फलटणला स्थायिक झालेल्या अमेरिकन विदुषी मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने तो मजकूर उजेडात आला. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून तो क्रमशः छापला गेला आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तक झाले. २००८ साली माया पंडित यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि फलटणच्या दुकानातली ही बाई जगभर वाचली गेली. फलटणजवळ निंबुरे येथे त्यांनी आश्रमशाळाही काढली. २०१२ साली त्या गेल्या.

ज्या 'स्त्री' मासिकात हे छापून आले, तेही आपल्याच मुलखात जन्मलेले. नांगर आणि चरकासाठी प्रसिद्ध असलेल्या किर्लोस्करवाडीतून ते १९३० साली निघाले. लोखंडाच्या कारखान्यालाही बायकांच्या वाचनाची गरज वाटली, मग साखरेच्या कारखान्याला का वाटू नये?

वाचनाचा रानाला उपयोग

कुणी म्हणेल, साहेब, पुस्तकं वाचून टनेज वाढतं काय? त्यांच्यासाठी आमच्या गटातलाच एक अनुभव सांगतो. नदीकाठच्या एका गावी एका सभासदाच्या रानातला ऊस दरसाल उतरत चालला होता. माती तपासून अहवाल घरपोच झाला होता. मुलाने तो न वाचताच कपाटात टाकला. आम्ही गेलो तेव्हा मुलगा खताचा डोस वाढवून मागत होता. तेवढ्यात त्याची साठीतली आई अहवाल हातात घेऊनच बाहेर आली आणि म्हणाली, "सायब, ह्यात सामू साडेआठाच्या वर लिवलाय. म्हंजे रान चोपण व्हाय लागलंय न्हवं? मग खत वाढवून काय हुणार?"

मी विचारले, "मावशी, हे कुठं वाचलं?" त्या म्हणाल्या, "तुमच्याच कारखान्याच्या अंकात. जेवणं झाल्यावर रोज काय तरी वाचल्याबिगार मला झोप येत न्हाई. पोथी असू दे न्हाई तर भडंगाचा कागद."

माउलीचे बरोबर होते. अशा रानाला खताच्या जादा पोत्याने गुण येत नाही. निचऱ्याचे चर, बेताचे पाणी, ताग-धैंचा गाडणे आणि अहवालाप्रमाणे जिप्सम, हाच तिथला उपाय. मुलाने तो केला. रान एका सालात सुधारत नाही, पण खताचा वायफळ खर्च त्याच दिवशी थांबला.

आणखी एक गोष्ट जरा कडू आहे, पण बोलली पाहिजे. कर्ता पुरुष अचानक गेला की शेअरची वारस नोंद, सोसायटीचे कर्ज आणि उसाचे बिल हे सगळे त्या घरच्या बाईच्या अंगावर येते. जिने आयुष्यभर घरातला एक कागद वाचला नाही, तिला मग दुसरा सांगेल तिथे अंगठा नाही तर सही करावी लागते. ज्या घरात बाई वाचती आहे, तिथे तिला फसवणे सोपे नसते. हे आम्ही दोन्ही परींनी पाहिले आहे.

आपण एवढे करू या

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. कोल्हापूर शहरातले करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० सालचे. एवढी मोठी परंपरा असलेल्या जिल्ह्यात घरच्या आईला वाचायला दिवा आणि वेळ मिळू नये, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून विनंती अशी. चिटबॉयने आणलेली तोडणीची चिठ्ठी, वजनाची पावती आणि उसाचे बिल आधी घरच्या बाईच्या हाती द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. गावच्या वाचनालयात वर्गणी तिच्या नावाने भरा. सातबाऱ्यावर आणि शेअरवर तिचे नाव लागत असेल तर लावा. रात्रीची भांडी एक दिवस सुनेने, एक दिवस लेकाने घासली तर कुणाचा मान जात नाही.

आणि हा अंक वाचून झाला की घडी करून कोनाड्यात ठेवू नका. आत नेऊन द्या. वाचून त्यांना काही विचारायचे असेल, तर पुढच्या फेरीला आम्ही सोप्यात बसलेलेच असू.