नाण्यावरचे नातू आणि हद्दपार आई

तेलंगणातील अक्कनपल्ली आणि तामिळनाडूतील बुदिनाथम येथे रोमन चांदीच्या नाण्यांचे मोठे साठे सापडले. नाण्याचे नाव दिनारिअस, वजन चार ग्रॅमला थोडे कमी. दक्षिण भारतात अशा साठ्यांत सम्राट ऑगस्टसचे एक नाणे पुन्हा पुन्हा आढळते. एका बाजूला त्याचे डोके, दुसऱ्या बाजूला ढाली-भाले घेऊन उभे दोन तरुण. हे त्याचे नातू, गायस आणि लुसियस.

वाचकहो, यांची आई कोण? ऑगस्टसची एकुलती एक मुलगी जुलिया. ती जन्मली त्याच दिवशी बापाने तिची आई स्क्रिबोनिया हिला सोडचिठ्ठी दिली. पुढे राज्याच्या सोयीने जुलियाची तीन लग्ने लावली. दुसरा नवरा अग्रिप्पा, बापाचा सेनापती आणि बापाच्याच वयाचा! त्याच्यापासून झालेली ही मुले आजोबाने इ.स.पू. १७ मध्ये दत्तक घेतली. रीत अशी की, तराजू आणि तांब्याचे नाणे पुढे ठेवून जावयाकडून पोरे नावापुरती विकत घ्यायची. आईला कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

इ.स.पू. १३ मध्ये एका दिनारिअसवर जुलिया झळकली. मध्ये ती, दोन्ही बाजूंना मुले. हे नाणे आज फार दुर्मिळ आहे. इ.स.पू. २ मध्ये व्यभिचाराचा आरोप ठेवून बापानेच तिला पांडातारिया बेटावर हद्दपार केले. दारू बंद, परवानगीवाचून पुरुषमाणसाची भेट बंद. सोबत स्वखुशीने कोण गेले? सदतीस वर्षांपूर्वी टाकलेली आई, स्क्रिबोनिया.

त्याच सुमारास लुग्डुनम, म्हणजे आजच्या फ्रान्समधील लियों, येथील टांकसाळीत नातवांचे नाणे पडू लागले. त्यावर अक्षरे 'ऑगस्टसचे पुत्र' अशी. आईचा पत्ताच नाही. शिपायाचा पगार याच नाण्यांत मोजत, वर्षाला २२५ दिनारिअस. त्यातून कपडे, हत्यारे, तंबू यांची कपात. पगारपत्रक तेव्हाही असेच होते म्हणायचे!

लुसियस इ.स. २ मध्ये आणि गायस इ.स. ४ मध्ये वारला. इ.स. १४ मध्ये बाप गेला आणि त्याच वर्षी जुलियाही. तिची रक्षा आपल्या समाधीत ठेवू नये, असे तो सांगून गेला होता.

मुलांची नाणी मात्र व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. इथल्या कारागिरांनी त्यांच्या नकलाही पाडल्या. त्यांवरची अक्षरे वेडीवाकडी आहेत, पण दोन्ही भाऊ ओळखू येतात.