हप्ता घ्या, पण पावती द्या

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि ते लोण नगर जिल्ह्यातही पसरले. त्यातून १८७९ चा दख्खन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. शेवगावासह सगळा नगर जिल्हा त्याच्या कक्षेत होता. भरलेल्या पैशाची लेखी पावती, दरसाल हिशेबाचा उतारा आणि पासबुकात नोंद मागण्याचा हक्क या कायद्याने कर्जदाराला दिला. खरा कज्जा हिशेबाचा आहे, हे तेव्हाच्या सरकारलाही कळले होते. आज शेवगावात हप्ता मागायला दारात येणाऱ्यालाही पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: बाकी किती, आणि कशावरून?

रिझर्व्ह बँकेचे नियम कर्जदाराच्या बाजूने बरेच स्पष्ट आहेत. मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सूक्ष्म कर्जासाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा लावता येत नाही. वसुली दोघांनी ठरवलेल्या ठिकाणी व्हावी; लागोपाठ दोनदा कर्जदार तिथे आला नाही, तरच माणूस घरी जाऊ शकतो. शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, नाव जाहीर करणे, बाकी फुगवून सांगणे, सगळ्याला मनाई आहे. बचत गटातल्या बायकांना हे कुणी वाचून दाखवत नाही, याची चीड येते.

अशाने बुडवे माजतील, असे म्हणणारे भेटतात. वसुली थकली की ठेवीदाराचाच पैसा अडकतो, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण या नियमांनी कर्जाचा एक रुपयाही माफ होत नाही. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो, बँकेला न्यायालय आहे. तिथेही दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, शेतीची अवजारे आणि गरजेपुरते बैल-बियाणे जप्तीतून वगळते. न्यायालयाला जे ओढून नेता येत नाही, ते एजंटाने कोणत्या अधिकाराने न्यावे?

बँक खात्यातल्या पैशाचेही तसेच. अतिवृष्टीची मदत कर्जापोटी वळती करू नका, असे आदेश सरकार वेळोवेळी काढते, तरी खात्याला ‘होल्ड’ लागतो. तेव्हा काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा कारण विचारणारा लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. व्यापारी बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. पतसंस्था मात्र त्या लोकपालाच्या कक्षेत नाही. तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करायची असते.