शंभर किलोमीटरवरचा गळ

खास प्रतिनिधी
रत्नागिरी

कोकणातील मासेमारी म्हटली की पर्ससीन, ट्रॉलर, डोल, वावरी आणि रापण अशी जाळ्यांचीच नावे ओठांवर येतात. मिरकरवाड्याच्या बंदरात पहाटे उतरणारी मासळीही मोजली जाते ती टोपल्यांत आणि टनांत. एक माणूस, एक दोर आणि एक मासा असा हिशेब आता केवळ हौसेचा उरला आहे. भाट्ये खाडीच्या काठी किंवा मांडवीच्या धक्क्यावर सायंकाळी गरी टाकून बसलेली मंडळी त्या हिशेबाची. आपल्याकडे त्याला ‘गरवणे’ असा सुरेख शब्द आहे. हेच गरवणे किनाऱ्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर आत, निळ्या पाण्यात, माणसाच्या वजनाइतक्या किंवा त्याहून जड माशासाठी करायचे ठरवले, तर त्याला काय लागते? आणि रत्नागिरीच्या समुद्रात ते शक्य आहे काय? किनारी पर्यटनाच्या चर्चेत जलक्रीडा आणि ‘स्कूबा’ यांच्या जोडीने ‘गेम फिशिंग’ हा शब्दही आता ऐकू येऊ लागला असल्याने ही माहिती करून घेणे योग्य ठरेल.

या छंदाचा उगम अमेरिकेतला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या कॅटलिना बेटावर चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या गृहस्थांनी १८९८ मध्ये रॉड आणि रीळ वापरून १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा ट्यूना पकडला आणि त्याच वर्षी तेथे ‘ट्यूना क्लब’ स्थापन झाला. इतका मोठा मासा बारीक दोरावर धरता येतो, यावर तोपर्यंत फारसा कोणाचा विश्वास नव्हता. पुढे १९३९ मध्ये आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना उभी राहिली. कोणत्या जाडीच्या दोरावर, कोणाच्याही मदतीविना, किती वजनाचा मासा पकडला याच्या विक्रमांची नोंद ही संघटना आजही ठेवते. १९५३ मध्ये पेरूच्या काबो ब्लांको येथे आल्फ्रेड ग्लासेल यांनी पकडलेला १५६० पौंडांचा (सुमारे ७०७ किलो) काळा मार्लिन हा या छंदातील सर्वांत गाजलेला मासा. मराठी वाचकाला मार्लिन परिचित आहे तो मात्र अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्यामुळे, किंवा अधिक नेमके सांगायचे तर पु. ल. देशपांडे यांच्यामुळे. ‘एका कोळियाने’ या त्यांच्या अनुवादातील म्हातारा कोळी मात्र हौशी नव्हे. तो हातातल्या दोराने पोटासाठी मासा धरतो. हौशी होते ते स्वतः हेमिंग्वे. वर उल्लेखिलेल्या संघटनेचे ते उपाध्यक्षही होते.

लांब पल्ल्याच्या सफरींचे माहेरघर म्हणजे अमेरिकेतील सान डिएगो बंदर. तेथून सुटणाऱ्या नौका तीन दिवसांपासून दोन आठवड्यांहून अधिक काळ समुद्रात राहतात आणि मेक्सिकोच्या किनाऱ्याने शेकडो मैल दक्षिणेला जातात. वीस-पंचवीस हौशी मंडळींना झोपण्यासाठी खोल्या, स्वयंपाकघर, मासे गोठवण्याची सोय आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिवंत आमिषासाठी खेळते पाणी असलेल्या टाक्या अशी या नौकांची रचना असते. निघण्यापूर्वी बंदरातच जिवंत तारली भरून घेतात, कारण आमिष मेले तर सफर अर्धी संपल्यासारखीच. २०१२ मध्ये मेक्सिकोच्या याच समुद्रात एका हौशी मच्छीमाराच्या गळाला पिवळ्या पराचा ट्यूना लागला, त्याचे वजन भरले ४२७ पौंड, म्हणजे १९३ किलो.

आपल्याकडे असे काही करायचे तर पहिली अडचण भूगोलाची आहे. हवाई बेटांजवळ किंवा मेक्सिकोच्या टोकाशी किनारा सोडला की थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, त्यामुळे मोठे मासे जवळ येतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्याचे तसे नाही. येथे समुद्रबूड जमीन रुंद आहे. दमणपुढे ती तीनशे किलोमीटरहून अधिक पसरलेली असून दक्षिणेकडे अरुंद होत जाते आणि कोचीपुढे ती साठेक किलोमीटरच उरते. रत्नागिरी या दोहोंच्या मधली. त्यामुळे रत्नदुर्गाच्या दीपगृहावरून दिसतो तो सगळा समुद्र मासळीच्या दृष्टीने संपन्न असला, तरी तो उथळ आणि गढूळ आहे. बांगडा, तारली, कोळंबी, सरंगा, पापलेट यांचे ते घर. सुरमई या पाण्यात येते, मोडोसा येतो, गेदर येतो. परंतु मोठा कुपा (ट्यूना), पाठीवर शिडासारखा पर मिरवणारा शिडमासा आणि मार्लिन यांना स्वच्छ निळे पाणी लागते, आणि ते समुद्रबूड जमिनीच्या कडेपाशी सुरू होते.

त्या कडेजवळच एक विलक्षण जागा आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्राखाली एक विस्तीर्ण पठार असून, सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. पठाराचा माथा पाण्याखाली जेमतेम वीस-बावीस मीटर आहे आणि तेथवर सूर्यप्रकाश पोहोचत असल्याने प्रवाळ वाढले आहे. भर समुद्रातील असा उंचवटा म्हणजे ओसाड माळावरची पाणपोई. प्रवाह उंचवट्याला अडतो, लहान मासे आश्रयाला येतात, लहानांमागे मोठे येतात. जगभरातील गेम फिशिंगच्या नामवंत जागा पाहिल्या तर त्यांतील बऱ्याच अशाच बुडालेल्या डोंगरांवर आहेत.

मिरकरवाड्याहून आंग्रिया बँक तिरक्या रेषेत साधारण १३५ किलोमीटर, म्हणजे सत्तरहून थोडे अधिक सागरी मैल भरते. आपल्या मच्छीमार नौका तासाला सात-आठ सागरी मैल वेगाने जातात. रात्री आठला नांगर उचलला तर पोहोचायला पहाट होते. परतीचे तेवढेच तास धरले, तर एक दिवस गळ टाकण्यासाठी दोन रात्री प्रवासात घालवाव्या लागतात. लांब पल्ल्याची सफर का म्हणतात, ते यावरून लक्षात यावे. मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारची सुटी घेऊन येणाऱ्याच्या वेळापत्रकात हे बसत नाही.

मासा कोठे शोधायचा, याचे उत्तर पूर्वी केवळ तांडेलाच्या अनुभवात असे. पाण्याचा बदललेला रंग, वाहून आलेला ओंडका, एका जागी घिरट्या घालणारे पक्षी ही त्याची चिन्हे. आता हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहाने मोजलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हरितद्रव्याचे प्रमाण यांवरून संभाव्य मत्स्यक्षेत्रांची माहिती मच्छीमारांना देते. थंड आणि उबदार पाणी जेथे एकमेकांना भिडते त्या रेषेवर मासे जमतात, हे त्यामागचे तत्त्व. अरबी समुद्राचे आणखी एक वैशिष्ट्य येथे सांगायला हवे. या समुद्रात काही खोलीखाली प्राणवायू फार कमी असतो. ट्यूना हा सतत पोहणारा आणि शरीर भोवतालच्या पाण्याहून उबदार राखणारा मासा असल्याने त्याला प्राणवायू भरपूर लागतो. म्हणून तो येथे वरच्या थरातच वावरतो. गळवाल्याला ही सोयीचीच गोष्ट.

पकडण्याच्या पद्धती मुख्यतः तीन. नौका संथ चालवत मागे आमिष ओढत नेणे, ही सुरमई, कुपा आणि शिडमाशासाठी. पाण्याच्या पृष्ठावर आवाज करणारे लाकडी वा प्लास्टिकचे आमिष फेकून झटक्याने ओढणे, ही कोकरीच्या जातीतील दांडग्या माशांसाठी. आणि जड धातूचा चकचकीत तुकडा तळापर्यंत सोडून हिसके देत वर आणणे, ही हेकरू, तांबोशी यांसारख्या खडकाळ तळाच्या माशांसाठी. मोठा मासा लागला की खरे काम रिळावरच्या ब्रेकचे असते. दोर तुटण्यापूर्वीच तो सुटू द्यायचा, मासा थकला की थोडा थोडा गुंडाळायचा, आणि हे कधी वीस मिनिटे तर कधी तीन तास. शिडमासा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने पोहतो असे पुस्तकांतून वर्षानुवर्षे छापले जाते. अलीकडच्या मोजमापांत त्याचा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी भरला आहे. दोर हातात असलेल्याला मात्र तेवढाही पुरेसा असतो.

गळाने मोठा मासा धरणे आपल्या देशाला नवे नाही. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर जिवंत आमिष पाण्यात फेकून, बांबूच्या काठीला लावलेल्या गळाने ट्यूना पकडण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्याकडचा ‘खांदा’ म्हणजे लांब दोराला शेकडो गळ लावून केलेली मासेमारीच. हौशी मंडळींची परंपराही महाराष्ट्रात आहे, पण ती गोड्या पाण्याची. पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्यांची संघटना अनेक दशके जुनी आहे, तर लोणावळ्यात टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकापासून महसीर माशाची पैदास करून त्याची पिल्ले ठिकठिकाणच्या जलाशयांसाठी दिली. ज्यांना मासा पकडण्याची हौस, त्यांनाच तो टिकवण्याची चिंता, असा हा प्रकार. समुद्रात हे साधणे अवघड, कारण समुद्राला बांध नाही.

आता कायद्याकडे वळू. मच्छीमार नौकेचा परवाना मासेमारीसाठी असतो, प्रवासी वाहतुकीसाठी नव्हे. पर्यटकांना बसवून समुद्रात न्यायचे तर नौकेची तपासणी आणि महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी हा वेगळा मार्ग आहे. ओळखीच्या तांडेलाला डिझेलचे पैसे देऊन निघण्याची पद्धत किनाऱ्यावर सर्रास आहे, परंतु अपघात झाल्यास विमा, भरपाई आणि जबाबदारी या तिन्ही प्रश्नांवर तांडेलच उघडा पडतो. २००८ मध्ये ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका बळकावून दहशतवादी मुंबईत शिरले. त्यानंतर नौकांची नोंदणी, रंगसंकेत आणि खलाशांची ओळखपत्रे यांबाबत यंत्रणा कठोर झाल्या आहेत, आणि अनोळखी माणसे घेऊन भर समुद्रात थांबलेली नौका तटरक्षक दलाच्या नजरेत भरणारच. शिवाय राज्याचा मासेमारी नियमन कायदा (१९८१) लागू होतो तो किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत. त्यापुढचा समुद्र केंद्राच्या अखत्यारीत. आंग्रिया बँक त्या रेषेच्या कितीतरी पलीकडे आहे.

ऋतूही मोजकाच मिळतो. १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित मासेमारीला बंदी, आणि समुद्र शांत होता होता नारळी पौर्णिमाही मागे पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे हे वादळांचे महिने. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ वादळात कोकणातील अनेक मच्छीमार समुद्रातून परतलेच नाहीत, ही आठवण येथील वाड्यांमध्ये अजून ताजी आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ याच किनाऱ्यासमोरून गेले. शंभर किलोमीटर आत असलेल्या नौकेला इशारा मिळाला तरी बंदर गाठायला दहा तास लागतात. म्हणजे भरवशाचे महिने उरतात ते डिसेंबर ते एप्रिल.

पकडलेल्या माशाचे काय करायचे, हा प्रश्न तर सर्वांत नाजूक. पाश्चात्त्य हौशी मंडळींत मासा मोजून, छायाचित्र काढून सोडून देण्याची रीत रूढ झाली आहे. पंधरा किलोची सुरमई पकडून पुन्हा पाण्यात सोडायची, हे कोकणातल्या घरात सांगून पाहावे. सांगणाऱ्याच्या डोक्याबद्दलच शंका घेतली जाईल. तरी या रीतीमागे विचार आहे, आणि तिच्या मर्यादाही आहेत. फार वेळ झुंजवलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. खोल पाण्यातून झपाट्याने वर आणलेल्या हेकरूच्या पोटातील हवेची पिशवी फुगते आणि त्याला पुन्हा खाली जाताच येत नाही. काही जातींबाबत तर निवडीचा प्रश्नच नाही. सर्वांत मोठा हेकरू, म्हणजे ‘जायंट ग्रूपर’, आणि बहिरी अर्थात व्हेल शार्क यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे.

स्थानिक मच्छीमारांच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. पर्ससीन विरुद्ध पारंपरिक हा संघर्ष रत्नागिरीत जुना आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. केंद्राने २०१७ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली, तरीही दिव्यांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. या पार्श्वभूमीवर गळाने दिवसाला चार मासे धरणारा पर्यटक हा कोणाचाच शत्रू ठरू नये. उलट, ज्या तांडेलाला खडक, प्रवाह आणि वारा तोंडपाठ आहे, त्याच्यासाठी ते मासळीच्या भावावर अवलंबून नसलेले उत्पन्न होऊ शकते. पण नौका, परवाना आणि ग्राहक हे सारे किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचालकाच्या हाती राहिले, तर त्या तांडेलाच्या वाट्याला रोजंदारीच येईल. किनारी पर्यटनात हे इतरत्र घडलेले आहे.

आंग्रिया बँकेवर डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांची मोहीम जाऊन आली आणि तेथील प्रवाळाला संरक्षण मिळावे ही मागणी तेव्हापासून अधिक ठळक झाली आहे. मेक्सिकोने अशाच एका जागेबाबत नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्णय घेतला. सान डिएगोच्या नौका ज्या समुद्रात मोठ्या ट्यूनासाठी जात, त्यातील रेव्हिलाहिहेदो द्वीपसमूहाभोवतीचे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान जाहीर करून तेथे व्यापारी आणि हौशी अशी सर्वच मासेमारी बंद करण्यात आली. नौकांनी आपले नकाशे बदलले आणि त्या हद्दीबाहेरच्या उंचवट्यांकडे वळल्या. आंग्रिया बँकेसाठी हद्द आखायची झाल्यास गळ त्या हद्दीच्या आत असेल की बाहेर, हे ठरवण्याचा अधिकार दिल्लीचा आहे. आणि ते ठरण्यापूर्वी मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे आणि विजयदुर्ग येथील मच्छीमार संस्थांना विचारले जाते की नाही, याकडे किनाऱ्याचे लक्ष राहील.