फ्यूशिया निवडताना आधी हिवाळा पाहा

मे महिन्यात ब्रिटनमधल्या रोपवाटिकांत फ्यूशियाची रोपं मांडली जातात, तेव्हा नजर हटकून सर्वांत झुपकेदार फुलाकडे जाते. पण निवडीची सुरुवात फुलापासून करू नये. आपल्या बागेतली थंडी, जागा आणि ऊन आधी पाहावं. त्यांना मानवणारी वाणंही भरपूर आहेत, रंग त्यांतून निवडावा.

फ्यूशियाच्या शंभरावर प्रजाती आहेत. बहुतेकींचं माहेर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली थंड, दमट, डोंगराळ रानं. तिथे परागीभवन बव्हंशी हमिंगबर्ड करतात, म्हणून फुलं लोंबती, नळीदार, बहुधा लाल आणि बिनवासाची. तशीच हवा या झाडाला बागेतही हवी असते.

पहिला प्रश्न: रोप हिवाळा कुठे काढणार? जमिनीतच राहणार असेल, तर काटक वाण घ्यावं. चिली-अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकापर्यंत वाढणाऱ्या मॅजेलानिका प्रजातीच्या वंशात ही काटकता आहे. त्यातल्या ‘रिकार्टनी’ची कुंपणं आयर्लंडच्या नैर्ऋत्य भागात रस्तोरस्ती दिसतात. लहान बागेला मीटरभर वाढणारी ‘मिसेस पॉपल’ चांगली: बाहेरची दलं लालभडक, आतल्या पाकळ्या गडद जांभळ्या. वाफ्याच्या कडेला फूटभर उंचीची ‘टॉम थम’ शोभते.

काटक झाडाच्याही वरच्या फांद्या कडक थंडीत मरतात आणि वसंतात नवे फुटवे जमिनीखालून येतात. म्हणून लावताना रोप कुंडीतल्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर खोल बसवावं. वाळक्या फांद्या हिवाळाभर तशाच ठेवाव्यात आणि नवी फूट दिसली की छाटाव्यात. फुलं नव्या फुटीवरच येत असल्याने या छाटणीने बहर बुडत नाही.

दुसरा प्रश्न: जमीन की टांगती कुंडी? कुंडीसाठी ‘मारिन्का’ किंवा ‘स्विंगटाइम’सारखी लोंबत्या फांद्यांची वाणं घ्यावीत. ‘स्विंगटाइम’ दुहेरी फुलाची: लाल दलांखाली पांढऱ्या पाकळ्यांचा घेर. अशी जड फुलं पावसाने लवकर खराब होतात, त्यामुळे तिला आडोसा द्यावा. उघड्यावर एकेरी फुलांची वाणं बरी. ती सहसा लवकर आणि अधिक संख्येने फुलतात. कोवळे शेंडे दोन-तीनदा खुडले की झाड डेरेदार होतं, मात्र शेवटच्या खुडणीनंतर बहराला साधारण दोन महिने लागतात.

तिसरा प्रश्न उन्हाचा. बहुतेक फ्यूशियांना सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मानवते. दिवसभर ऊन असेल, तर 1905 सालचं जर्मन वाण ‘थालिया’ घ्यावं. गडद पानांवर नारिंगी-लाल, लांब नळ्यांचे घोस येतात. पण त्याला हिमकण अजिबात सोसत नाही. थंडी पडण्याआधी कुंडी घरात आणायची तयारी हवी.

ऊन सोसण्यालाही मर्यादा असते. पारा बराच वेळ तिशीपार राहिला की फ्यूशिया कळ्या गाळते. म्हणून ती उटी-दार्जिलिंगच्या हवेत रमते, पुणे-नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये मात्र होरपळते. देशावरच्या बागेत लोंबतं फूल हवं असेल, तर झिरमिळ्या पाकळ्यांची लोंबती जास्वंद लावावी. ती आपली उष्णता सोसते.

वाण ठरलं की रोप हातात घेऊन शेंडे नीट पाहावेत. कोवळी पानं वेडीवाकडी, सुजलेली आणि लालसर-पिवळट दिसली, तर ते रोप घेऊ नये. ही गाठी करणाऱ्या सूक्ष्म कोळ्यांची खूण असते. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही कीड 2007 मध्ये ब्रिटनमध्ये आढळली. कोळी शेंड्यात दडून राहतात, त्यामुळे औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. मग पानाखालची बाजू तपासावी, कुंडीच्या तळाशी मुळं गच्च गुंडाळलेली नाहीत ना ते पाहावं. बुंध्यापासून तीन-चार दमदार फांद्या फुटलेलं, फुलं कमी असलेलं रोप ऐन बहरातल्या एकांड्या काडीपेक्षा केव्हाही चांगलं. फुलं ते पुढे देतंच.