दुकानातली द्राक्षे कशी वाढतात आणि ती कशी खावीत?

एवढे मोठे मणी आणि आत बी नाही, असे कसे? द्राक्षांना इंजेक्शन देतात का? वरची पांढरी पावडर औषधाची असते का? जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हे प्रश्न हमखास विचारतात. उत्तरासाठी द्राक्षबागेचे वर्ष समजून घेऊ. जुन्नर तालुक्यातला नारायणगावचा परिसर जंबो आणि शरद सीडलेस या काळ्या द्राक्षांसाठी ओळखला जातो, म्हणून उदाहरण तिथलेच घेऊ.

बागेत काय होते?

द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि तिच्यानंतर फळ देणाऱ्या काड्या तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. त्यानंतर सगळे डोळे एकाच वेळी फुटावेत म्हणून काड्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. घड त्यानंतर येतात आणि साधारण चार महिन्यांनी तयार होतात. त्यामुळे हे रसायन फळावर लावले जात नाही. ते लावणाऱ्या माणसाला मात्र त्याचा धोका असतो. त्याबद्दल पुढे वाचा.

बी असलेल्या द्राक्षात बीच मणी वाढवणारे जिब्रेलिन तयार करते. बिनबियांच्या जातीत ते कमी पडते, म्हणून शेतकरी घड जिब्रेलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवतात किंवा त्यावर फवारतात. शेतात याला नुसते ‘जीए’ म्हणतात. हे वनस्पतीचे संप्रेरक आहे, माणसाचे नाही. मण्यात कोणी सुई टोचत नाही. अशी द्राक्षे खाऊन मुले लवकर वयात येतात, याला पुरावा नाही. मुलीमध्ये आठ आणि मुलामध्ये नऊ वर्षांच्या आधी वयात येण्याची लक्षणे दिसली, तर द्राक्षांना दोष देत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

गोडी येते ती पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेमुळे. द्राक्ष तोडल्यानंतर अधिक गोड होत नाही, त्यामुळे आंबट द्राक्षे घरी ठेवून उपयोग नाही.

मग औषधांची काळजी करायचीच नाही का?

करायची, पण नेमकी. डाउनी, भुरी आणि करपा या रोगांपासून बाग वाचवायला अनेक फवारण्या कराव्या लागतात. प्रत्येक औषधाची शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत, हे ठरलेले असते. ते दिवस पाळले तर अंश मर्यादेच्या आत राहतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची प्रयोगशाळेत तपासणी होते. देशातल्या बाजारातली प्रत्येक पेटी अशी तपासली जात नाही. पेटीवर ‘निर्यात दर्जा’ लिहिलेले असले, तरी त्यावरून मण्याचा आकार कळतो, तपासणी झाली की नाही हे कळत नाही.

मण्यावरची पातळ पांढरट लव हे फळाचे स्वतःचे मेण आहे. ती असणे ताजेपणाची खूण समजा. वाळलेल्या थेंबांसारखे निळसर किंवा पांढरे डाग वेगळे, ते फवारणीचे असू शकतात. असे घड घेऊ नका.

घरी काय करावे?

- खाण्याच्या आधीच धुवा, आणून लगेच धुऊन ठेवू नका. ओली द्राक्षे लवकर बुरशी धरतात.
- लहान घोस करून स्वच्छ पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. साबण वापरू नका. धुण्याने वरचे अंश आणि जंतू कमी होतात, फळात मुरलेले औषध निघत नाही.
- लांबच्या प्रवासाच्या पेट्यांमध्ये बुरशी रोखणारा कागद असतो आणि त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. घरात दमा असलेले कोणी असेल, तर पेटी मोकळ्या हवेत उघडा.
- पाच वर्षांखालील मुलाला अख्खे द्राक्ष कधीही देऊ नका. ते घशात अडकून जीव जाऊ शकतो. उभे चार तुकडे करून द्या.
- मधुमेह असेल तर 100 ग्रॅम द्राक्षांत साधारण 16 ते 18 ग्रॅम कर्बोदके असतात, हे लक्षात ठेवा. मूठभर, मोजून खा. रस टाळा. किती चालतील हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

बागेत काम करत असाल तर

द्राक्ष खाणाऱ्यापेक्षा फवारणाऱ्याला धोका कितीतरी जास्त आहे. जुन्नर-आंबेगाव भागात अनेक घरांत ही दोन्ही माणसे असतात.

हायड्रोजन सायनामाइड लावताना जाड रबरी हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. कामाच्या आदल्या दिवसापासून ते काम संपल्यावर आठवडाभर दारू अजिबात घेऊ नका. हे रसायन शरीरात दारूचे पचन अडवते. थोडी दारू घेतली तरी चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या, धाप आणि रक्तदाब एकदम उतरणे असे होऊ शकते. घरच्यांना ते ‘जास्त झाली’ असे वाटते आणि मोलाचा वेळ जातो.

कीटकनाशक फवारल्यानंतर खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंधुक दिसणे किंवा धाप लागणे, यांपैकी काही झाले तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि 108 वर फोन करून दवाखाना गाठा. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्या. कोणते औषध होते हे कळले, की आम्हाला उपचार लगेच ठरवता येतात.