लग्नाची फाईल

डोलवीतल्या या घराच्या ओटीवर सतरंजी अंथरलीय आणि तिच्यावर कागदांचे चार ढीग पडलेत. वाऱ्याने उडू नयेत म्हणून सासूबाईंनी एकावर वरवंटा ठेवलाय, दुसऱ्यावर पाण्याचा तांब्या. बाहेर हायवेवरून पोलादाची भेंडोळी लादलेले ट्रेलर वडखळकडे चाललेत. एखादा फारच जवळून गेला की बोलणारा थांबतो आणि घरघर ओसरली की सोडलेल्या शब्दापासून पुढे बोलू लागतो. गावाला ती सवय झालीय. इथला पोलादाचा कारखाना इस्पातचा होता तेव्हाही ट्रेलर होतेच. 2010 मध्ये तो जेएसडब्ल्यूकडे गेला आणि वाढत वाढत वर्षाला एक कोटी टन क्षमतेचा झाला. या घरातला मुलगा तिथंच एका ठेकेदाराच्या हाताखाली फिटर म्हणून तयार झाला. आता तो मेलबर्नला असतो, ऑस्ट्रेलियाचा कायमचा रहिवासी आहे. त्याची बायको माझ्यासमोर मांडी घालून बसलीय आणि मोबाईलमधले फोटो मागे मागे सरकवतेय.

ती रोह्याची. लग्न होऊन दीड वर्ष झालं. लग्नानंतर नवरा पाच आठवडे इथं होता, मग गणपतीला तीन आठवडे येऊन गेला. एका छपराखाली दोघं राहिले ते एवढेच दिवस, आणि आता तिकडच्या सरकारला पटवायचंय की हा संसार खरा आहे.

अर्ज सबक्लास 309 चा, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसाचा. फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, आपले पाच लाखांहून जास्त. अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. मुलाने पैसे जमवलेत, पण सासरे सकाळपासून ओटीच्या कडेला गप्प बसून आहेत. एवढी रक्कम एका अर्जापायी जाताना या घराने कधी पाहिलेली नाही.

ढीग चारच का, तर तिकडच्या 1994 च्या मायग्रेशन नियमांत अधिकाऱ्याने नातं चार अंगांनी पाहावं असं म्हटलंय. दोघांचा पैशाचा व्यवहार, घर कसं चालतं, लोक त्यांना नवराबायको म्हणून ओळखतात का, आणि एकमेकांशी असलेली बांधिलकी. मी पेणहून आलेय ती मुलीचं निवेदन इंग्रजीत उतरवून द्यायला. पण लिहायला बसण्याआधी कागद बोलायला हवेत, आणि पैशाचा ढीग अजून बोलत नाहीये. त्यात एकच पासबुक आहे आणि ते सासऱ्यांच्या नावाचं.

"मुलगा पैसे कुठे पाठवतो?" मी विचारते.

"माझ्या खात्यावर," सासरे म्हणतात. "घर एक, खातं एक. सुनेला काय लागतं ते ती मागते, नाहीतर तिची सासू आधीच देते."

त्यात खोट काही नाही. खारेपाटातल्या एकत्र कुटुंबाची हीच रीत आहे. पण नवराबायकोचं सामाईक खातं शोधणाऱ्या अधिकाऱ्याला हे पासबुक बापलेकाचा व्यवहार वाटेल. मुलगी खाली मान घालून ऐकतेय. मी तिला विचारते, लग्नानंतर तुझ्यावर मोठा खर्च कशाचा झाला? ती लगेच म्हणते, "नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची फी, ताई."

ती आत जाऊन पिशवी घेऊन येते. कॉलेजची पावती चार घड्यांची, घडीवर शाई उडालेली. सासरे चष्मा लावून पासबुकाच्या ओळींवरून बोट फिरवतात, पान उलटतात, पुन्हा मागे येतात. बोट थांबतं. मेलबर्नहून आलेली रक्कम, आणि तिच्याखाली दोनच दिवसांनी कॉलेजच्या नावाने गेलेली जवळजवळ तेवढीच रक्कम. मी पावती पासबुकाशेजारी ठेवते आणि मुलीच्याच मोबाईलवर दोन्हींचा एकत्र फोटो काढते. नवऱ्याने बायकोला शिकवलं, हे या दोन कागदांतून कोणालाही दिसेल. सासरे पहिल्यांदा जरा सैल होऊन बसतात.

"आनि विमा?" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून विचारतात.

मुलाची एलआयसीची पॉलिसी लग्नाआधीची, नॉमिनी आई. सासूबाई हात पुसत बाहेर येतात आणि तो कागद माझ्यापुढे ठेवतात. "गणपतीला आला होता तेव्हा मीच त्याला शाखेत नेला. माझा नाव काढ, तिचा घाल, म्हटला." बदलाची नोंद झाल्याचा शिक्का कागदाच्या पाठीवर आहे. सुनेला हे माहीत नसावं, कारण ती कागद हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचतेय. मी काही बोलत नाही. पैशाचा ढीग आता जाड झालाय. शिवाय मुलगा आपल्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या खात्यात बायकोचं नाव घालणार आहे. जवळच्या नात्यातल्या भारतात राहणाऱ्या माणसाला तसं सहधारक होता येतं.

घराचा ढीग पटकन उरकतो. रोह्याच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणि डोलवीच्या कार्डावर तेच नाव चढल्याची नोंद, आधारवर इथला पत्ता. पदवीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, एवढी एक भानगड आहे. नावबदलाचं राजपत्र त्यासाठी जोडायचं.

लोकांच्या ढिगाशी मात्र ओटीवर गर्दी होते. शेजारच्या दोन बायका वालाच्या शेंगा सोलायला म्हणून आल्यात आणि आता फोटो निवडतायत. हळदीचे कुठले, लग्नाचे कुठले, यावर त्यांचं एकमत होत नाही. आगरी लग्नात हळदीला मांडवात सगळं गाव असतं, त्यामुळे हळदीचेच फोटो जास्त घ्यावेत असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. एका फोटोत नवरानवरी कोपरापर्यंत पिवळी आहेत आणि मागे निदान चाळीस माणसं मोजता येतील. एका फोटोत गौरीचा पहिला ओवसा, हातात सूप, शेजारी नवरा उभा. एकात रोह्याच्या धावीर महाराजांच्या देवळासमोर दोघं तिच्या आईवडिलांबरोबर. हा फोटो मी वर ठेवते, कारण दोन्ही घरं एकत्र दिसतात असे फोटो कमीच असतात. स्टुडिओत काढलेले नटलेले फोटो सगळ्यांकडे असतात.

लग्नाचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीचं आहे, महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखालचं. नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींच्या सह्या आहेत. आजेसासूबाई भिंतीला टेकून बसल्यात, त्या इतका वेळ गप्प होत्या. आता म्हणतात, "धवलारनीचा नाव कुठं हाय?"

ते कुठेच नाही. धवलारीण म्हणजे आगरी लग्नात विधी चालवणारी, धवले गाणारी बाई. तांदूळ कधी टाकायचे, हळद कोणी आधी लावायची, कुलदैवताला आणि वाडवडिलांना कसं बोलवायचं, हे सगळं तिच्या गाण्यातून चालतं. लग्नात धवळे गाण्याची चाल मराठीत फार जुनी आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रुक्मिणीच्या लग्नावर धवळे रचले आणि ती मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते. आजेसासूबाईंच्या दृष्टीने हे लग्न धवलारणीने लावलं, भटजी नंतर आला.

"सगल्या गावान पायला," त्या म्हणतात. "आता कला पायजे पुरावा?"

त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. त्या अधिकाऱ्याने डोलवी पाहिलेलं नाही, त्याला आपण दाखवायचंय. अर्जाला जोडायची फाईल 5 एमबीच्या आत लागते, चार तासांची चित्रफीत जाणार नाही. म्हणून मी मुलीला व्हिडिओ थांबवून धवलारणीचं एक चित्र काढायला सांगते, आणि निवेदनात तिच्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिते. तो इंग्रजीत वाचून मराठीत सांगितल्यावर आजेसासूबाई मान हलवतात.

मग सासरे कपाटातून आहेराची वही आणतात. लाल कापडी बांधणीची, पहिल्या पानावर गणपती आणि हळदीकुंकवाचं बोट. गडब, कासू, वडखळ, शहाबाज, रोहा. गाव, नाव, रक्कम, कुठे 'साडी', कुठे 'भांडं'. दोन हस्ताक्षरं आहेत, रात्री लिहिणारा बदलला असणार. काही नावांपुढे बारीक खूण आहे. त्यांच्या घरचं कार्य झालं आणि आहेर परत गेला, असा तिचा अर्थ. या वहीत पुढची वीस वर्षं दोन्ही घरांनी कोणाच्या लग्नाला जायचं ते ठरलेलं आहे. समाज यांना नवराबायको मानतो का, या प्रश्नाचं याहून खरं उत्तर मला माहीत नाही. पहिली सहा पानं आणि खुणांचं एक पान भाषांतरासह जोडायचं ठरतं. ओळखीच्यांनी या नात्याबद्दल द्यायची, फॉर्म 888 वरची निवेदनं दोन माणसं तिकडून देणार आहेत. मुलीला त्यांनी फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलंय, तर तेवढंच लिहावं, असं मी मुलाला कळवायला सांगते.

साडेअकराला त्याचा फोन येतो. मेलबर्नला संध्याकाळचे पाच. तो कामावरून आलाय, मागे दोरीवर कपडे वाळत घातलेले दिसतायत. मोबाईल पितळी डब्याला टेकवून मध्ये ठेवतात. आता चौथा ढीग, आणि त्यात निवडायचे आहेत या दोघांचे दीड वर्षाचे निरोप.

मुलगी आपला मोबाईल छातीशी धरते. "सगळे द्यायचे, ताई?"

नाही. मी हे ठामपणे सांगते, कारण या बाबतीत बायकांना फार सोसावं लागलंय. 1979 मध्ये लग्नासाठी ब्रिटनला गेलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी झाली होती. बातमी फुटली, संताप उसळला, तेव्हा ती प्रथा बंद पडली. त्यानंतरही 1997 पर्यंत तिथं एक नियम होता, की लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरण्याचा नाही हे अर्जदारानेच सिद्ध करायचं. खरेपणा तपासायचा हक्क सरकारला आहे, पण त्यासाठी माणसाने उघडं पडावं असं नाही. कुठले निरोप द्यायचे ते ही मुलगी ठरवेल. ती ठरवते: सासऱ्यांना ताप आला त्या आठवड्यातले, परीक्षेच्या आदल्या रात्रीचे, आणि तीन दिवस फोन केला नाही म्हणून ती रागावली तेव्हाचे. बाकीचे तिचे राहतील.

एवढ्यात मावशी पुढे सरकते. मुलीची मावशी, रोह्याकडे अंगणवाडी सेविका, सकाळच्या पहिल्या एसटीने आलेली. आतापर्यंत ती फक्त कागदांना क्रमांक घालत होती.

"जावईबापू," ती मोबाईलकडे पाहून म्हणते, "आमच्या मुलीचे सगळे कागद झाले. आता तुमचे सांगा. पगाराच्या पावत्या, घराचा करार, आणि तिकडचा पोलीस दाखला."

ओटी गप्प होते. सासरे बहुधा जावयाला असं विचारतात का, या विचारात आहेत. मावशी थांबत नाही. तिच्या ओळखीतली एक मुलगी लग्नानंतर वर्षभर व्हिसाची वाट पाहत बसली. कागद जमवायचं नवरा टाळत गेला आणि मग फोनही बंद झाला. अशा तक्रारी इतक्या येतात की राष्ट्रीय महिला आयोगाला 2009 पासून त्यांच्यासाठी वेगळा कक्ष चालवावा लागतोय. आणि मावशी मागतेय ते कायद्यातही आहे. ऑस्ट्रेलियात बायकोला बोलावणाऱ्या नवऱ्याला आपला पोलीस दाखला सरकारला द्यावा लागतो, आणि ठरावीक गंभीर गुन्ह्यांची नोंद असल्यास ती बायकोला कळवण्याची संमतीही. फाईल मुलीच्या खरेपणाची, असं सगळे धरून चालले होते. ती मुलाचीही आहे. मला तर वाटतं, आपल्याकडे मुलगी परदेशी देणाऱ्या प्रत्येक घराने लग्नाच्या आधीच हे चार ढीग मांडून बसावं.

मुलगा क्षणभर थबकतो. मग म्हणतो, "बरोबर आहे, मावशी." तो उठतो, कपाट उघडल्याचा आवाज येतो, आणि एकेक कागद कॅमेऱ्यासमोर धरू लागतो. पोलीस दाखला आहे. भाडेकरार आहे, पुढच्या महिन्यापासून दोन खोल्यांचा. निवृत्तीच्या फंडात वारस म्हणून बायकोचं नाव आहे. मावशी प्रत्येकाला क्रमांक देते आणि मुलीला सांगते, "तुझ्या मोबाईलवर मागून घे. तुझी एक प्रत तुझ्याकडे."

शेवटी निवेदन. पुढच्या पाच वर्षांचा विचार काय, असं मी विचारते आणि पेन धरून थांबते. मुलगी आधी सासूबाईंकडे पाहते, मग बोलू लागते. तिथं गेल्यावर इंग्रजीची परीक्षा, मग नर्सिंगची नोंदणी, मग नोकरी. मूल त्यानंतर. पहिल्या पगारातून बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन.

"मूल नंतर?" सासूबाई विचारतात. हे त्या पहिल्यांदाच ऐकतायत. मोबाईलमधून मुलगा म्हणतो, "आमचं ठरलंय, आई."

सासूबाई शेंगांची पाटी ओढून घेतात, दोनतीन शेंगा सोलतात. "नोकरी लागल्यावर किती वर्षांनी, तो पण लिवा," त्या मला म्हणतात.

"दोन," मुलगी म्हणते.

मी लिहिते. सासरे वही आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून उठलेत. वडखळच्या स्कॅनिंगवाल्याचं दुकान आज रविवार म्हणून एकलाच बंद होतं, आणि मोतीबिंदूची ओळ खोडा असं ते मला तिसऱ्यांदा सांगतायत.