दापोलीत पहिला, पुण्यात अकरावा

माझ्या भाच्याचा दापोलीजवळ चार खोल्यांचा होमस्टे आहे. मे महिन्याची गर्दी ओसरल्यावर तो दोन छापील अहवाल घेऊन आला. गूगलवर ‘दापोली होमस्टे’ शोधलं की त्याची वेबसाइट कितवी येते, याचा तो हिशेब. एक रँक ट्रॅकर म्हणतो तिसरी, दुसरा म्हणतो अकरावी. गूगलच्या स्वतःच्या सर्च कन्सोलमध्ये आकडा १८.२. त्याच्या मोबाइलवर मात्र पहिली. ‘मामा, यातलं खरं कोणतं? दोन्ही ट्रॅकरना पैसे देतोय मी.’

मी म्हटलं, चारही खरे. त्याचा चेहरा पडला.

मोबाइलचं कोडं सोपं होतं. तो दापोलीत बसून शोधतो, आणि असल्या शोधात गूगल जवळच्या गोष्टी वर आणतं. शिवाय दिवसातून दहादा तो स्वतःचीच साइट उघडतो. मागच्या शोधांचा थोडाफार रंग निकालांवर चढतो. २००९ पासून तर लॉग-इन न केलेल्यांच्या निकालांवरही.

ट्रॅकर म्हणजे माणूस नव्हे, ठरलेल्या वेळी गूगलला प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम. ‘मी पुण्यात आहे, मोबाइलवरून विचारतोय’ अशी बतावणी करून तो विचारतो. दुसरा ‘मी भारतात आहे, कॉम्प्युटरवर आहे’ एवढंच सांगतो. एकाची फेरी पहाटे, दुसऱ्याची दुपारी, आणि मधल्या काळात निकाल हलतात. प्रश्नच वेगळे, तर उत्तरं जुळणार कशी?

त्यात मोजण्याच्या रीती निराळ्या. भाच्याच्या शोधात सगळ्यात वर नकाशा येतो, त्याखाली तीन होमस्टेंची नावं, मग नेहमीच्या लिंका. नकाशाखालची तीन नावं धरली तर पहिली लिंक चौथी ठरते, सोडली तर पहिली. दोन्ही पद्धतींचे ट्रॅकर बाजारात आहेत, आणि आपला कुठला हे गिऱ्हाईक सहसा विचारत नाही.

सर्च कन्सोलचा १८.२ मात्र वेगळ्या जातीचा. तिथे कोणी मुद्दाम जाऊन बघत नाही. खऱ्या शोधांत साइट जितक्या वेळा दिसली, त्या प्रत्येक वेळच्या क्रमांकाची सरासरी काढतात. समजा, ती शंभरदा दिसली. दहादा दापोलीच्या आसपास, दुसऱ्या क्रमांकावर. नव्वदवेळा पुण्या-मुंबईकडे, विसाव्यावर. सरासरी १८.२. त्या जागी ती साइट कधी कोणालाच दिसलेली नाही! तिथला दिवसही आपला नसतो. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो, म्हणजे आपल्याकडे भर दुपारी, ऋतूप्रमाणे साडेबारा किंवा दीडला, तारीख बदलते. शनिवारी सकाळी खोली शोधणारे पुणेकर त्या तक्त्यात शुक्रवारच्या खात्यात जमा होतात.

मला यातली सर्वांत गमतीची गोष्ट सप्टेंबर २०२५ मधली वाटते. एरवी एका पानावर दहाच्या आसपास निकाल येतात. पण पानाच्या पत्त्याला एक छोटी पुरवणी जोडली की शंभर निकाल एकदम मिळत, आणि कित्येक ट्रॅकर तेच करत. गूगलने ती सोय बंद केली. लगेच अनेक साइटमालकांच्या तक्त्यात साइट ‘दिसल्याच्या’ नोंदी धाडकन खाली आल्या आणि सरासरी क्रमांक मात्र सुधारला. साइटवर कोणी बोटही लावलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तराव्या क्रमांकापर्यंत माणूस कशाला जाईल? तिथे जात होते ते मोजणारे प्रोग्रॅम, आणि त्यांचं बघणंही गिऱ्हाइकाचं बघणं म्हणून नोंदलं जात होतं. तापमापक पाण्यात बुडवला की पाण्याचं तापमान किंचित बदलतं, हे शाळेत शिकलो होतो. इथे तापमापकांचीच गर्दी झाली होती.

त्यानंतर शंभर निकालांसाठी एकाऐवजी दहा फेऱ्या मारणं आलं, खर्च वाढला. काहींनी इतकं खोल जाणंच कमी केलं. त्यामुळे एखाद्या अहवालात साइट ‘सापडली नाही’ असं असेल, तर तो कितव्या निकालापर्यंत गेला होता हे आधी बघावं.

भाच्याला मी एवढंच सुचवलं, की तुझी गिऱ्हाइकं पुण्याहून मोबाइलवर शोधतात, तर तसंच विचारणारा एकच ट्रॅकर ठेव आणि त्याचा महिन्या-महिन्याचा चढउतार बघ. त्याला पटलं. पुढच्या आठवड्यात त्याने एक ट्रॅकर बंद केला. पुण्याच्या मोबाइलवरून बघणारा होता तो, अकरावा क्रमांक सांगणारा.